प्लग पाहावेत

९ जानेवारी

तुम्हाला आता काय म्हणून हाक मारायची याचा विचार करण्यात कागदाचा वरचा भाग कोराच राहिला. व्याही म्हणावं, तर आपल्या मुलांनी कोर्टात सह्या करून ते नातं निकालात काढलं. नुसतं नाव लिहावं, तर तेवढी सलगी आपल्यात कधीच नव्हती. तेव्हा हे बिनमायन्याचं पत्र घ्या. नमस्कार लिहीत नाही, कारण तो मनात नाही.

कामाचं बोलते. आमची गाडी मिसिंग करते आहे आणि सायलेन्सरमधून बार काढते आहे. आमचे हे गेल्यापासून ती गाडी मीच चालवते, मीच धुते, ऑइलसुद्धा मीच बदलते. तिने असा तमाशा कधी केला नव्हता. तिला शेवटचा परका हात लागला तो तुमचा. मुलांचा निकाल लागायच्या आधीच्या रविवारी तुम्ही येऊन डिस्ट्रिब्युटर उघडलात, आतली कुजकी तार बदललीत, चहाला नाही म्हणालात आणि जे गेलात ते पुन्हा फिरकला नाहीत. त्यानंतर काही महिने गाडी सुरळीत होती. आता चढ आला, की आधी आचके देते आणि मग ढाण्णकन बार.

गेल्या शनिवारी पुलावर हेच झालं. मुंगी, माझी नात, शेजारी बसली होती. एक सायकलवाला घाबरून कठड्याला चिकटला, मागच्या ट्रकवाल्याने माझा उद्धार केला, आणि मुंगी सीटखाली शिरली ती घरी पोचेपर्यंत वर आली नाही. तुमच्या मुलीने दारातच ऐकवलं, "आई, गाडी नीट होईपर्यंत मी मुंगीला नाही पाठवत." मला अजून 'आई'च म्हणाली. सवय जात नसेल. मी म्हटलं, बसने नेते. तर म्हणे बसमध्ये तिला मळमळतं. शाळेच्या बसमध्ये रोज मळमळत नाही, आजीबरोबरच मळमळतं वाटतं!

मला माझ्या नातीचा आठवड्यातला एक दिवस मिळतो, तोही आता गेला. तुम्ही जाताना गाडीत काय करून ठेवलंत ते सरळ कळवा. तुमच्या मनात आमच्याबद्दल काय असेल ते असो, त्याचा सूड मुक्या यंत्रावर काढायचा नसतो. मी आयुष्यभर तंत्रशाळेत पोरांना फिटरकाम शिकवलंय. कोणी मुद्दाम केलेलं काम आणि कोणाच्या हातून बिघडलेलं काम यातला फरक मला कळतो.

एकेकाळची विहीण


२० जानेवारी

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. "प्लग पाहावेत. कळावे." बस्स? मी पानभर लिहिलं आणि तुम्ही तीन शब्दांत माझी बोळवण केलीत? तेही उघड्या पोस्टकार्डावर. पोस्टमनने मला विचारलं, "बाई, प्लग पाहिलेत का?"

पाहिले. तुमचं कार्ड यायच्या आधीच पाहिले होते. माझ्या वर्गातलं पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा आधी प्लगच काढतं. चारही प्लग सारखेच काळसर आहेत. एकच काळा असता, तर त्या एका सिलिंडरच्या मागे लागले असते. चारही सारखे, म्हणजे दोष चौघांच्या मुळाशी आहे, जिथून चौघांना ठिणगी वाटली जाते तिथे, डिस्ट्रिब्युटरकडे. ठिणगी मधेच चुकते, न जळलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये जाऊन बसतं, आणि ठिणगी परतली की तिथेच भडका उडतो. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. तुम्ही लिफ्टच्या कंपनीत हयात घालवलीत, विजेचं काम तुमच्या हाडात मुरलंय. तरी लिहिलंत काय, तर प्लग पाहावेत.

तुमचं हे नेहमीचंच आहे. लग्न ठरवायच्या बैठकीत आमचे हे बोलत होते, मी बोलत होते, आणि तुम्ही नंदीबैलासारखी मान डोलवत होतात. "विहीणबाई म्हणतात तसं." "तुम्ही म्हणाल ते." मला वाटलं होतं, किती समजूतदार माणूस! पुढे तुमची मुलगी आमच्या घरात आली, तिचं आणि माझ्या मुलाचं बिनसलं, भांडणं वाढली, ताटं आपटली, तेव्हाही तुम्ही रविवारी यायचात, माझ्याबरोबर बॉनेटमध्ये डोकं घालायचात आणि मिठाची गुळणी धरून बसायचात. मुलीला चार समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात, संसार म्हटला की सोसावं लागतं हे सांगावं, तर ते नाही. पाना द्या, कापड द्या, एवढंच.

माझा मुलगा कामात असतो, म्हणून मुंगीला आणायला मी जाते. तो मोकळा असता तर त्यानेच आणलं असतं. तुमच्या मुलीला वाटतं तसं काही नाही.

उत्तर पाकिटातून पाठवा.


२ फेब्रुवारी

पाकीट आलं. आत चिठ्ठी. "कंडेन्सर बदलून पाहावा. हवा लीक होत नाही ना, पाहावे." तुमचा एक शब्द वाढला की मला वाटतं, आज काहीतरी सांगणार. पण कसलं काय.

ऐका मग. कंडेन्सर बदलला. नवा निघाला कुचकामी, गाडी सुरूच होईना, म्हणून जुनाच परत बसवला. दुसरी कॉइल लावून पाहिली, ढिम्म फरक नाही. कार्बोरेटर खोलून जेट फुंकले. पेट्रोलची टाकी रिकामी करून तळचा गाळ काढला, त्यात माझा एक जुना ब्लाऊज पुसायला गेला. हवा लीक होत नाही. पॉइंट घासून फिलर गेजने अंतर लावलं. उभ्या जागी इंजिन इतकं गुळगुळीत चालतं की टपावर पाण्याचा पेला ठेवावा. रेस दिली की मात्र खोकला, आचके आणि बार. रेस सोडली की पुन्हा साळसूद.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने बॉनेटही उघडलं नाही. "आजी, ह्या गाड्या आता प्रदर्शनात ठेवायच्या. विकून टाका, मी गिऱ्हाईक आणतो." त्याला म्हटलं, बाळा, माझंही वय झालंय, मलाही गिऱ्हाईक आणतोस का? तो हसला. मी हसले नाही. परतताना गाडी बंद पडली, घरापर्यंत ढकलत आणली. कोणी मदतीला आलं नाही असं नाही, मीच कोणाला हात लावू दिला नाही.

शनिवारी मी तुमच्या मुलीकडे फोन केला. मुंगीला फोन दिला तिने, पण पोरगी बोलेचना. अभ्यास झाला का? हं. दात हलतोय तो पडला का? हं. आजीची आठवण येते का? यावर काहीच नाही, नुसता श्वास. हे तुमच्याकडून आलंय तिच्यात. आमच्या घरात असं मुकं कोणी नाही.

तुम्ही म्हणाल, विहीणबाई पोरीला काहीबाही सांगत असतील म्हणून ती बुजते. तुम्ही म्हणणार नाही, तुमची मुलगी म्हणेल. तर स्पष्ट लिहिते. मी मुंगीला खोटं काही सांगत नाही. तिचं घर कोणी मोडलं, तिचे बाबा एकटे का राहतात, हे तिने विचारायच्या आधी कोणीतरी सांगायलाच हवं. गाडीत आम्ही दोघीच असतो, निवांत बोलता येतं. मोठी झाल्यावर तिला बाहेरून कळण्यापेक्षा आजीकडून कळलेलं बरं.

मला ती पोर हवी आहे हो. शनिवारी सकाळी मी तिच्यासाठी उशी उन्हात टाकायचे आणि मग पुढच्या सीटवर ठेवायचे, तिला काचेतून रस्ता दिसावा म्हणून. आता ती उशी कपाटावर पडून आहे. गाडीचा रोग सांगा.


११ फेब्रुवारी

"वायरी तपासाव्यात." ही तुमची तिसरी प्रसादवाणी.

वायरी तपासल्या. प्लगकडे जाणाऱ्या चारही वायरींतून ठिणगी बाहेर उडी मारते का ते बघायला अंधार लागतो, म्हणून भर दुपारी डोक्यावरून जुनी चादर घेऊन बॉनेटखाली वाकले. शेजारीण गॅलरीतून विचारते, "वाफारा घेताय का?" तिला म्हटलं, हो, गाडीला सर्दी झालीय. एकही ठिणगी भलतीकडे उडत नाही. वायरी चांगल्या आहेत. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उकळत्या पाण्याने धुऊन वाळवून भिंगातून पाहिलं. तडा नाही. आत तार जागच्या जागी आहे, वरचं आवरण नव्यासारखं. त्या रविवारी मीच दिलेली तार ती, जाड तांब्याची, एकसंध. तिला काय होणार आहे.

आता माझी अक्कल संपली. हे लिहिताना दात-ओठ खाते आहे, पण संपली. तुमच्या चिठ्ठ्यांनी माझं रक्त आटवलंय. तुम्ही जर मुद्दाम काही केलं नसेल, तर या आणि दाखवा. केलं असेल, तरी या आणि काढा. ही विनंती नाही. येत्या रविवारी दहाला फाटक उघडं असेल. चहा मिळणार नाही, मागच्या वेळी तुम्हीच नाकारलात.

आणि मनात एक पक्कं धरून या. गाडी नीट झाली, की तुमच्या मुलीला तिचा शब्द पाळावा लागेल. त्याच्या पुढच्या शनिवारी मुंगी माझ्या शेजारी बसलेली मला दिसली पाहिजे.


१९ फेब्रुवारी

काल काय झालं ते मी तुम्हालाच लिहून पाठवते आहे. तुम्ही हजर होतात हे मला ठाऊक आहे. पण उद्या तुम्ही "मी असं म्हणालोच नव्हतो, विहीणबाईंचा गैरसमज झाला" म्हणून काखा वर कराल. म्हणून शब्दन् शब्द लिहिते. वाचा आणि नाकारायचं असेल तर लेखी नाकारा.

तुम्ही आलात, चपला नीट कडेला ठेवल्यात आणि प्लगकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. वायरी नाहीत, कंडेन्सर नाही. थेट डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलंत, आतली चकती बोटाने थोडी फिरवलीत आणि चिमट्याने ती तार हलकेच ओढलीत. आवरण रबरासारखं लांबलं. आतलं तांबं तुटलेलं होतं.

"हीच," तुम्ही म्हणालात.

"माझी तार?"

"तुम्ही दिलेली. एकसंध तार न हलणाऱ्या जागेला चांगली. ही चकती रेस दिली की दरवेळी जराशी फिरते, तारेला बाक येतो. वाकून वाकून आत तुटली. उभ्या जागी टोकाला टोक टेकतं, रेस दिली की सुटतं."

"मग बसवताना का नाही बोललात?"

"तुम्ही म्हणालात, पक्की आहे. मी हो म्हटलं."

आणि मग तुम्ही शर्टाच्या खिशातून बारीक धाग्यांची मऊ तार काढलीत. टोकांना कथलाचा डाग देऊन तयार, मापाला कापलेली! तिथे माझं डोकं फिरलं. तुम्ही तार खिशात घालून आला होतात. म्हणजे पहिल्या पत्रापासून तुम्हाला ठाऊक होतं. मी टाकी उपसली, जेट फुंकले, भर दुपारी चादरीखाली घामाने निथळले, आणि तुम्ही तिकडे बसून लिहीत होतात प्लग पाहावेत.

मी ओरडले ते शेजारणीनेही ऐकलं असेल. तुम्ही पेचकस पुसत म्हणालात, "वाटलं, तुम्हालाच सापडेल. तुम्हाला सापडली असती तर मला सांगावं लागलं नसतं."

इतका राग मला आमचे हे मला न सांगता हप्त्यावर ही गाडी घेऊन आले होते तेव्हाही आला नव्हता.

तार बसवलीत. मी चालवली, तुम्ही शेजारी. पुलाचा चढ गाडीने एका दमात काढला, ना आचका ना बार. मला आनंद झाला, तो मी लपवला नाही. परत येऊन इंजिन बंद केलं आणि म्हटलं, आता मुलीला जाऊन सांगा, शनिवारी दहाला येते. तुम्ही उतरला नाहीत. दाराच्या कडीवर हात ठेवून बसून राहिलात.

"गाडीचं कारण खरं नव्हतं," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे?"

"मुंगी गाडीच्या बारला घाबरत नाही. शाळेत तो आवाज काढून दाखवते. सगळी पोरं हसतात."

"मग सीटखाली का शिरली?"

"कान तिने बार व्हायच्या आधीच झाकले होते, विहीणबाई. तुम्ही रस्त्याकडे बघत होतात."

मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं. तुम्ही म्हणालात, तिनेच. मग तुम्ही थांबत थांबत, माझ्याकडे न बघता सांगितलंत. शनिवारी घरी आली की ती जेवत नाही. आईने जवळ घेतलं की अंग चोरते. झोपताना विचारते, आई, तू वाईट आहेस का. तुला सोडून बाबांकडे जाऊ का, म्हणजे बाबा रडणार नाहीत. गाडीत दार लागलेलं असतं, गाडी चालू असते, ती पोर कुठे जाणार.

"ती तुम्हाला घाबरते," तुम्ही म्हणालात. "तुमच्या मुलाबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही. तेव्हाच उघडायला हवं होतं. तो माझ्या मुलीवर हात उचलायचा, ते तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. मुंगीच्या बाबतीत मी गप्प बसणार नाही."

मी तुम्हाला गाडीतून उतरायला सांगितलं. चालते व्हा, असं म्हणाले. तेही लिहिते, कारण तेही झालं. तुम्ही चपला घातल्यात आणि गेलात.

दिवसभर मी गाडीतच बसले होते. तुमच्या नावाने खडे फोडून झाले. हा माणूस एवढी वर्षं मान हलवत होता आणि आज कुठून वाचा फुटली! मग खडे संपले. माझ्या मुलाने गेल्या वर्षात मुंगीला एकदाही फोन केलेला नाही. मी तिला सांगायचे, बाबा रोज तुझी आठवण काढतात. हात उचलण्याचं म्हणाल, तर हो, माहीत होतं. भिंतीला भिंत लागून आमची खोली होती. मी रेडिओ मोठा करायचे.

तुमचा राग गेलेला नाही. तो जाणारही नाही. तुम्ही लग्नाआधी एकदा, नंतर एकदा, निदान त्या तारेच्या वेळी एकदा मला "नाही" म्हणाला असतात, तर मी आकांडतांडव केलं असतं, तुम्हाला घराबाहेर काढलं असतं, आणि पुढच्या रविवारी परत बोलावलं असतं. माझ्यासारख्या बाईला तोंडावर नाही म्हणणारं कोणीतरी लागतं. आमचे हे म्हणायचे. तुम्ही सोयीने चांगले राहिलात, आणि त्याची किंमत दोन पोरींनी मोजली, एक तुमची आणि एक आपली. मी माझं भरीन. तुमचं तुम्ही भरा.

आता पुढचं. गाडीच्या किल्ल्या याच पाकिटात आहेत. आजवर ह्यांच्यानंतर त्या गाडीच्या स्टीअरिंगला माझ्याखेरीज कोणाचा हात लागलेला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. शनिवारी तुम्ही चालवा. मुंगीला पुढे बसवा, खिडकीशी. तुमची मुलगी म्हणेल तर तीही येऊ दे. मी मागे बसेन. तिच्या आईबद्दल माझ्या तोंडून शब्द निघाला, तर गाडी कडेला घ्या आणि मला खाली उतरवा, रस्ता कुठलाही असो. हो हो करत पुढे नेऊ नका.

पण आधी मुंगीला विचारा. तिच्या आईसमोर विचारा, तिला घाई करू नका, आणि आजी रडते वगैरे काही सांगू नका. ती हो म्हणाली तर दहाला या. नाही म्हणाली तर किल्ल्या परत पाठवा आणि कागदावर "नाही म्हणाली" एवढंच लिहा. परीक्षा आहे, बरं नाही, पुढच्या महिन्यात बघू, असलं काही लिहू नका. नाही असेल तर नाहीच लिहा. मी वाचीन.

मुंगीची आजी